पॅराथायरॉईडची गाठ आणि बिनकापाकापीचा अल्ट्रासाउंड उपचार: इंदूरवाल्यांनो, आधी हे करा

मुतखडा परत परत होतोय, हाडं दुखतायत, रिपोर्टात कॅल्शियम वर आलंय आणि डॉक्टर म्हणतायत पॅराथायरॉईड (गळ्यात थायरॉईडच्या मागे असणाऱ्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या छोट्या ग्रंथी) वाढलंय, असं घरात झालं की सगळे मोबाईलवर बिनऑपरेशनचा इलाज शोधायला लागतात. शोधा, पण आधी तपासण्या पक्क्या करा.

कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन), पीटीएच (पॅराथायरॉईडचं हार्मोन), व्हिटॅमिन डी आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) एकाच वेळी करा, सकाळी उपाशीपोटी, पोहे-जिलबी रक्त दिल्यावर. दंडाला पट्टा खूप वेळ आवळून ठेवला तर कॅल्शियम उगाच जास्त दिसतं, लॅबवाल्याला तसं सांगा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्याने पीटीएच चुकीचं येऊ शकतं. कॅल्शियम नॉर्मल, पीटीएच जास्त आणि डी कमी असेल तर आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने डी भरून काढायचं, गाठ जाळायची घाई कशाला? चोवीस तासांच्या लघवीतलं कॅल्शियमही बघा, कारण एका खानदानी प्रकारात रक्तात ते जास्त असतं पण लघवीतून कमी जातं, आणि तिथे हा उपचार कामाचा नाही.

आता मशीनचं. त्याला हायफू म्हणतात, गळ्यावर बाहेरून अल्ट्रासाउंडच्या लहरी एका बारीक ठिपक्यावर जमवतात, तेवढा भाग तापतो आणि गाठीच्या पेशी मरतात, चिरा नाही की सुई नाही. पण २०१० मध्ये बल्गेरियातून जो सुरुवातीचा अभ्यास छापून आला त्यात फक्त ४ पेशंट होते, म्हणजे ऑपरेशनइतका लांबचा अनुभव यामागे नाही. अनुभवी सर्जनच्या हातून ऑपरेशन झालं तर १०० पैकी ९५ च्या आसपास पेशंट बरे होतात, म्हणून तरुण आणि फिट माणसाला मी तरी पहिलं ऑपरेशनच सुचवीन. ज्यांना भूल झेपत नाही किंवा ऑपरेशन नकोच आहे त्यांनी हायफूचा विचार करावा.

डॉक्टरांना विचारा, गाठ एकच आहे का, सोनोग्राफीत स्पष्ट दिसते का, सेस्टामिबी स्कॅनमध्येही (जास्त काम करणारी पॅराथायरॉईड दाखवणारं स्कॅन) तीच जागा येते का. श्वासनळीच्या मागे किंवा छातीत असेल तर लहरी तिथे नीट पोचत नाहीत. आणि आवाजाची नस किती जवळ आहे हे तर विचाराच, आवाज बसू शकतो, आपल्याकडे घरोघरी गाणारी माणसं आहेत, त्यांनी हे आधीच बोलून घ्यावं. काही ठिकाणी अ‍ॅब्लेशन (गाठ जाळणं) म्हणून जे सांगतात ते सुईवालं असतं, तेव्हा सुई घालणार का हे सरळ विचारा.

उपचार होईपर्यंत पाणी भरपूर प्या, मे महिन्यात तर जास्तच, पाणी कमी पडलं की कॅल्शियम अजून चढतं. दूध-दही स्वतःच्या मनाने बंद करू नका.

उपचारानंतर ओठाभोवती, बोटांत मुंग्या आल्या, हातपाय आखडले तर कॅल्शियम खाली गेलेलं असू शकतं, लगेच दवाखान्यात जा. ६ महिन्यांनी कॅल्शियम आणि पीटीएच परत करा, तेव्हाही कॅल्शियम नॉर्मल असेल तरच गाठ गेली म्हणायचं.