महसूल थकबाकीच्या लिलावात बंद घर किंवा पडीक जमीन घेताना

मालक परगावी, घराला कित्येक वर्षं कुलूप, देणी थकलेली. अशी मिळकत महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे जप्त होऊन जाहीर लिलावात निघू शकते. नुसता शेतसाराच नव्हे, महारेराचे (गृहप्रकल्पांवर देखरेख करणारं प्राधिकरण) वसुली दाखलेही याच वाटेने वसूल होतात. जाहीरनामा लागल्यावर किमान ३० दिवस लिलाव होत नाही. चौकशी करायची ती याच दिवसांत.

पहिला प्रश्न: थकबाकी कशाची? त्याच जमिनीचा महसूल थकला असेल तर सरकारचा हक्क साधारणपणे सगळ्यांच्या आधी. देणं दुसरंच असेल तर थकबाकीदाराचा त्या मिळकतीत जेवढा हक्क, तेवढाच विकला जातो. सातबाऱ्यावर तीन भावांची समान हिश्श्याने नावं आणि थकबाकीदार एकच, तर तुमच्या हाती एक तृतीयांश सामाईक हिस्सा येतो आणि पुढे वाटपाचा दावा. जाहीरनाम्यात मात्र अख्खा गट नंबर दिसतो, म्हणून माणसं फसतात.

सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढा, ‘इतर हक्क’ नीट वाचा, जुने फेरफार लावून पाहा आणि वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या. बँकेचं गहाण सेरसाईच्या (CERSAI, बँकांच्या तारणांची केंद्रीय नोंदवही) पोर्टलवर तपासा. तिथे नोंद असलेल्या बँकेचा हक्क सरकारी कराच्याही आधी येतो, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. ही तपासणी चुकली तर खरेदी बुडीत जाऊ शकते. फ्लॅट असेल तर सोसायटी आणि वीजबिलाची बाकी विचारा. शेतजमिनीला शेतकरी असल्याचा दाखला लागतो. भोगवटादार वर्ग २ ची (विक्रीवर सरकारी बंधनं असलेली) किंवा आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर परवानगीचा प्रश्न आधी सोडवा, बोली नंतर.

जागेवर स्वतः जा. कुलूप दिसतं तिथेही मागच्या खोलीत जुना भाडेकरू निघतो, आणि त्याला भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असू शकतं. शेजारी आणि पोलीस पाटील यांना विचारा.

बोली तुमच्या नावे सुटली की २५ टक्के रक्कम तिथल्या तिथे भरावी लागते. उरलेली लिलावापासून दोन महिन्यांत किंवा विक्री कायम झाल्याचं कळल्यापासून १५ दिवसांत, जे आधी येईल त्या मुदतीत. चुकलात तर अनामत जप्त, फेरलिलाव, आणि त्यात कमी किंमत आली तर फरकही तुमच्याकडूनच वसूल.

लिलावानंतरचे पहिले ३० दिवस त्या जागेवर एक रुपयाही खर्च करू नका, साधा रंगही नको. या मुदतीत मालक थकबाकी आणि तुमच्यासाठी बोलीच्या ५ टक्के रक्कम भरून विक्री रद्द करून घेऊ शकतो. तुमचे पैसे परत येतात, दुरुस्तीचा खर्च येत नाही. लिलावात गैरप्रकार झाला अशी तक्रारही याच मुदतीत होते.

बोलीला कोणीच आलं नाही तर सरकार नाममात्र १ रुपयाच्या बोलीने जमीन घेऊ शकतं. ‘आकारीपड’ (महसूल थकल्याने सरकारजमा) नोंदीची जमीन सरकारच्या ताब्यातली असते. ती स्वस्तात मिळवून देतो म्हणणाऱ्याला इसार देऊ नका.

विक्री कायम झाल्यावर विक्री प्रमाणपत्र मिळतं. त्यावर खरेदीखताइतकंच मुद्रांक शुल्क लागतं, ते बोली ठरवतानाच हिशेबात धरा. मग ताबा पंचनाम्यासह लेखी घ्या, ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा तलाठी) फेरफाराचा अर्ज द्या आणि भूमी अभिलेखकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा रोवून घ्या.