प्रयोगाची रसायनं वाण्याकडून आणा, पण चुन्याची निवळी घरीच करा

खायचा सोडा, धुण्याचा सोडा, तुरटी, लिंबूसत्त्व, व्हिनेगर: वाण्याकडे. मोरचूद आणि मॅग्नेशियम सल्फेट: खतं-औषधांच्या दुकानात. हायड्रोजन पेरॉक्साइड: मेडिकलमध्ये. दर्शकाला (आम्ल की आम्लारी हे रंग बदलून दाखवणाऱ्या पदार्थाला) हळद किंवा जास्वंद पुरते. कॅल्शियम कार्बोनेटसाठी ‘खडू घ्या’ हा सल्ला सोडून द्या. फळ्याचे खडू बहुधा जिप्समचे असतात, व्हिनेगरमध्ये ढिम्म पडून राहतात. अंड्याची टरफलं वापरा. टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच वर्गात नकोच. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन सुटतो.

आता निवळी, म्हणजे चुन्याचं नितळ पाणी. कार्बन डायऑक्साइड ओळखायला ते लागतं: तो वायू सोडला की ते दुधाळ होतं. तिनं मलाही बराच काळ छळलंय.

पानाच्या टपरीवरचा ताजा, ओला चुना घ्या, सुगंधी नको. कोपऱ्यात वाळून गेलेल्या डबीतला तर अजिबात नको. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा कार्बोनेट झालेला असतो. खात्री करायची तर चिमूटभर चुन्यावर व्हिनेगर टाका. जोरात फसफसला तर टाकून द्या.

लिटरभर पाणी उकळून पूर्ण गार करा आणि त्यात चमचाभर चुना ढवळा. ‘गरम पाण्यात लवकर विरघळतो’ असं सांगणाऱ्यानं हे स्वतः केलेलं नसतं. चुना उलटा आहे: गार पाण्यात जास्त विरघळतो, गरम पाण्यात कमी. २० अंशांना लिटरमध्ये जेमतेम १.७ ग्रॅम. म्हणजे तळाशी गाळ राहणारच, आणखी चुना ओतून काही साधत नाही.

बाटली गळ्यापर्यंत भरा, बूच घट्ट लावा, रात्रभर हलवू नका. सकाळी वरचं नितळ पाणी हळूच दुसऱ्या बाटलीत ओता. गाळणकागदाच्या भानगडीत मी पडत नाही. थेंब थेंब गळेपर्यंत हवा लागून निवळी वरून साकळते. ओतताना चष्मा लावा. चुना डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्यानं धुवायचा आणि डॉक्टरांकडे जायचं.

नळीनं तोंडानं फुंकणं मी बंद केलंय, कारण एखादं मूल फुंकायच्या ऐवजी ओढतंच. बाटलीत सोडा-व्हिनेगर घालून झाकणातून सलाइनची नळी निवळीत सोडा. निवळी दुधाळ झाली की नळी काढा. वायू चालूच राहिला तर बायकार्बोनेट होऊन ती पुन्हा स्वच्छ होते आणि वर्ग गोंधळतो. तसं झालंच, तर तेच पाणी परीक्षानळीत उकळून दाखवा: पुन्हा गढुळतं.