लिनक्स प्रोग्रामची डिफॉल्ट आणि संगणकापुरती सेटिंग्ज कुठे ठेवावीत

भरती-ओहोटीच्या वेळा फलकावर दाखवणारा ‘भरती’ नावाचा एक प्रोग्राम रत्नागिरी, हर्णै आणि मालवण येथील मच्छीमार सोसायट्यांच्या लिनक्स संगणकांवर बसवायचा आहे, असे धरू. प्रोग्राम एकच असला तरी बंदर प्रत्येक ठिकाणी वेगळे असणार. पॅकेजसोबत (प्रोग्राम बसवण्यासाठी एकत्र बांधलेल्या फाइलींसोबत) आलेल्या फाइलमध्येच कोणी ‘रत्नागिरी’ खोडून ‘मालवण’ लिहिले, तर पुढच्या अपग्रेडमध्ये ती फाइल नव्याने लिहिली जाते आणि मालवणचा फलक मुकाट्याने रत्नागिरीच्या वेळा दाखवू लागतो. होडी कधी बाहेर काढायची हे त्या वेळांवर ठरते, म्हणून ही व्यवस्था सुरुवातीलाच नीट लावावी.

फाइल कोणाच्या मालकीची आहे, हे आधी ठरवावे. प्रोग्राम लिहिणारा जी पुरवतो ती /यूएसआर या फोल्डरखाली, आणि त्या संगणकाचा व्यवस्थापक जी लिहितो ती /ईटीसी या फोल्डरखाली ठेवावी. लिनक्समध्ये कोणती फाइल कुठे असावी हे सांगणाऱ्या फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्डच्या २०१५ मधील ३.० आवृत्तीतही /ईटीसी ही त्या एका संगणकापुरत्या सेटिंग्जची जागा असून, /यूएसआर मधील मजकूर केवळ वाचण्यासाठी आणि अनेक संगणकांत सामायिक करता येण्याजोगा मानला आहे.

म्हणून डिफॉल्ट (कोणी काही बदलले नाही तर लागू होणाऱ्या किंमती) /यूएसआर/लिब/भरती/भरती.कॉन्फ मध्ये द्यावेत आणि व्यवस्थापकाने /ईटीसी/भरती/भरती.कॉन्फ.डी/ मध्ये ‘५०-बंदर.कॉन्फ’ नावाची छोटी फाइल करून तीत एकच ओळ लिहावी:

बंदर = मालवण

प्रोग्रामने आधी डिफॉल्ट वाचावेत, मग या छोट्या फाइली नावाच्या क्रमाने वाचाव्यात आणि नंतर वाचलेली किंमत ग्राह्य धरावी. लिनक्सवरच्या सेवा सुरू करणारी आणि सांभाळणारी सिस्टमडी हीच पद्धत वापरते. संपूर्ण फाइलची प्रत /ईटीसी मध्ये करण्यापेक्षा हे मला कितीतरी बरे वाटते, कारण प्रतीत जुने डिफॉल्ट गोठून राहतात. पॅकेजनेच /ईटीसी मध्ये फाइल टाकली आणि ती पॅकेज आणि व्यवस्थापक अशा दोन्ही बाजूंनी बदलली, तर डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर अपग्रेड ‘कोणती ठेवू?’ असे विचारत थांबतो; सोसायटीच्या कार्यालयात त्या वेळी उत्तर देणारे कोणी नसते.

एकेका वापरकर्त्याची आवड, उदाहरणार्थ अक्षरांचा आकार, ~/.कॉन्फिग मध्ये जावी. स्वतः कंपाइल करून /यूएसआर/लोकल मध्ये बसवलेल्या प्रोग्रामसाठी /यूएसआर/लोकल/ईटीसी आहे, तर /ऑप्ट मध्ये वेगळ्या बसवलेल्या प्रोग्रामसाठी /ईटीसी/ऑप्ट. वेळापत्रकाची उतरवून घेतलेली माहिती ही सेटिंग नव्हे. ती /व्हार/लिब मध्ये ठेवावी.

/ईटीसी/भरती हा फोल्डर पूर्ण काढून टाकला तरी प्रोग्राम सुरू झाला पाहिजे, ही चाचणी अवश्य करावी. मात्र बंदराला डिफॉल्ट देऊच नये: चुकीच्या वेळेपेक्षा फलकावर ‘बंदर निवडलेले नाही’ असे दिसणे केव्हाही सुरक्षित. शिवाय प्रत्येक किंमत कोणत्या फाइलमधून आली हे छापणारा एक पर्याय प्रोग्राममध्ये द्यावा, म्हणजे हर्णैचा व्यवस्थापक फोनवर तेवढे वाचून दाखवू शकेल.