फील्ड पोस्टच्या पाकिटावरून पलटण ओळखताना या चुका टाळा

युद्धकाळातलं ब्रिटिश फील्ड पोस्टचं, म्हणजे लढाईवरच्या सैन्याच्या टपालसेवेचं, पाकीट हाती आलं की नवखे संग्राहक शिक्क्यातला आकडा वाचतात, फील्ड पोस्ट ऑफिसांच्या यादीत शोधतात आणि दिसेल त्या पलटणीचं नाव लिहून मोकळे होतात. सगळ्यात मोठी चूक हीच. फील्ड पोस्ट ऑफिस एका पलटणीचं नसतं. ते ब्रिगेड (काही पलटणींचा गट), डिव्हिजन (काही ब्रिगेडींचा गट) किंवा बेसला (पिछाडीच्या तळाला) जोडलेलं असतं. तोफखानेवाले, सॅपर (लष्करी अभियंते), इस्पितळातले जखमी, सगळ्यांचं टपाल तिथूनच जातं.

एका प्रदर्शनात इटलीतून १९४४ साली आलेलं पाकीट 'मराठा लाईट इन्फन्ट्री' म्हणून मांडलेलं होतं. शिक्का २१व्या इंडियन ब्रिगेडच्या पोस्ट ऑफिसचा, त्या ब्रिगेडमध्ये १/५ मराठा (५व्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण), म्हणून पत्र मराठ्यांचं, असा हिशेब. पण त्याच ब्रिगेडमध्ये ५ रॉयल वेस्ट केंट आणि ३/१५ पंजाबही होत्या. पाकीट उलटलं तर फ्लॅपवर पेन्सिलीनं पाठवणाऱ्याचा पत्ता होता: '५ आर.डब्ल्यू.के.', म्हणजे ५ रॉयल वेस्ट केंटचा गोरा शिपाई. मालकानं मराठा पलटणीचे म्हणून जादा पैसे मोजले होते, आणि मागची बाजू बघितलीच नव्हती.

मी शिक्का सगळ्यात शेवटी बघतो. आधी पाठवणाऱ्याचा पत्ता, मग आतलं पत्र, मग सेन्सॉर करणाऱ्या अधिकाऱ्याची सही. यादी उघडायची घाई झालेल्यांना हे पटत नाही, पण खरं उत्तर बहुतेक वेळा इथंच मिळतं.

दुसरी चूक सेन्सॉरच्या शिक्क्याची. पहिल्या महायुद्धात त्याचे आकार बदलत गेले, आधी गोल, मग चौकोनी, त्रिकोणी, षटकोनी. काळ ठरवायला ते उत्तम. पण आतला क्रमांक पलटणीला कायमचा चिकटलेला नव्हता. शिक्के परत घेऊन दुसऱ्यांना दिले जात. त्यातही हिरव्या पाकिटांवर विशेष लक्ष द्या. आत फक्त खासगी मजकूर आहे अशी ग्वाही त्यावर छापलेली असायची आणि शिपाई तिच्याखाली सही करायचा, म्हणून ते पलटणीत वाचलं जात नसे, तपासलं तर बेसवर. त्यावरच्या सेन्सॉर क्रमांकावरून पलटण काढणं निरर्थक आहे.

ब्रिटिश आणि इंडियन फील्ड पोस्ट ऑफिसांचे क्रमांक वेगवेगळ्या मालिकांतले. तोच आकडा दोन्हीकडे सापडतो.

पहिल्या महायुद्धातल्या पाकिटावर 'आय.ई.एफ. डी' (इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स, म्हणजे परदेशी पाठवलेली भारतीय फौज, 'डी') म्हणजे मेसोपोटेमिया (आजचा इराक), फ्रान्स नव्हे. फ्रान्सला गेलेली ती 'ए'.

१९२२ साली मराठा पलटणींचे क्रमांक बदलले. १०३वी झाली १/५, ११७वी झाली ५/५. १९४३ च्या पाकिटावर '११७' दिसलं तर जुन्या पलटणीचं नाव लावू नका.

आणि नाव ठरवल्यावर त्या तारखेला ती पलटण तिथं होती का, हे वॉर डायरीत, म्हणजे पलटणीच्या रोजच्या नोंदवहीत, बघा. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये पहिल्या महायुद्धाच्या डायऱ्या डब्ल्यू.ओ. ९५ (वॉर ऑफिसच्या कागदपत्रांचा संच) मध्ये आहेत, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रह्मदेश आघाडीच्या डब्ल्यू.ओ. १७२ मध्ये. तारीख जुळली नाही, तर लेबलवर फक्त ब्रिगेड लिहा.