रूट केलेल्या फोनवर पार्टिशन माउंट करताय? या चुका टाळा

‘सिस्टम रीड-राइट माउंट करा, फाइल बदला, परवानगी द्या, रीबूट करा.’ रूट केलेल्या, म्हणजे सगळे अधिकार हाती घेतलेल्या, फोनसाठी लिहिलेल्या बहुतेक सूचना आजही अशाच असतात. (पार्टिशन म्हणजे स्टोरेजचा वेगळा केलेला भाग, माउंट म्हणजे तो एखाद्या फोल्डरवर जोडणं, आणि रीड-राइट म्हणजे त्यावर लिहिताही येईल असं.) अँड्रॉइड ४ आणि ५ च्या काळात त्या बरोबर होत्या. होस्ट्स फाइल असो, फॉन्ट असो की बिल्ड-प्रॉप ही सेटिंगची फाइल, थेट सिस्टम पार्टिशनमध्ये लिहिता यायचं. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आला आणि स्टोरेजची मांडणीच बदलली. जुन्या सूचना मात्र तशाच फिरत राहिल्या. बूटलूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा सुरू होण्यात, अडकलेल्या कितीतरी फोनांमागे हेच कारण असतं: कमांड दुसऱ्या काळातली, फोन या काळातला.

म्हणून काहीही लिहिण्याआधी आपल्या फोनवर काय, कुठे आणि कसं माउंट आहे ते वाचा. टर्मिनलमध्ये रूट घेऊन नुसतं ‘माउंट’ लिहा आणि एंटर दाबा. प्रत्येक ओळीत चार गोष्टी दिसतील: ब्लॉक डिव्हाइस (म्हणजे स्टोरेजचा कोणता तुकडा), ते कुठे जोडलंय, फाइल सिस्टम कोणती, आणि ‘आरओ’ (फक्त वाचण्यासाठी) की ‘आरडब्ल्यू’ (लिहिण्यासाठीही). या चार गोष्टी नीट पाहिल्या तर पुढचे निम्मे प्रश्न उभेच राहत नाहीत.

सगळ्यात जास्त विचारली जाणारी तक्रार घ्या. सिस्टम रीमाउंट करायला गेलं की उत्तर येतं, ‘सिस्टम’ हे प्रॉक-माउंट्समध्ये, म्हणजे माउंटच्या यादीत, नाही. लोक समजतात की रूट नीट झालेलं नाही आणि पुन्हा फ्लॅश मारत, म्हणजे पार्टिशनवर नवी इमेज लिहीत, बसतात. रूट ठीकच असतं. नव्या फोनांवर सिस्टम पार्टिशन ‘सिस्टम’ नावाच्या फोल्डरवर जोडलेलं नसतं, ते थेट मुळावर, म्हणजे एकट्या तिरप्या रेघेवर जोडलेलं असतं. अँड्रॉइड ९ घेऊन आलेल्या फोनांपासून ही रचना सक्तीची झाली. रीमाउंट करायचंच असेल तर त्या तिरप्या रेघेचं नाव द्यावं लागतं.

पण तेवढ्याने काम होईलच असं नाही. पुढचा अडथळा ‘डीएम’ने सुरू होणारं ब्लॉक डिव्हाइस केवळ वाचण्यासाठी आहे, असं सांगणाऱ्या संदेशाचा. इथे थांबून कारण शोधलं पाहिजे, कारण हा एकच संदेश तीन वेगवेगळ्या गोष्टींमुळे येतो.

पहिलं कारण डीएम-व्हेरिटी. सिस्टमच्या प्रत्येक ४०९६ बाइटच्या ब्लॉकचा हॅश (मजकुरावरून काढलेली खूण) आधीच काढून ठेवलेला असतो आणि वाचताना तो ताडून पाहिला जातो. ही सोय अँड्रॉइड ४.४ मध्ये आली आणि ७ पासून तिची काटेकोर अंमलबजावणी सुरू झाली. व्हेरिटी चालू असताना कर्नल, म्हणजे अँड्रॉइडचा गाभा, त्या डिव्हाइसवर लिहूच देत नाही. ती बंद करायची तर या तपासणीची माहिती ठेवणारं व्हीबीमेटा पार्टिशन योग्य फ्लॅगसह फ्लॅश करावं लागतं, आणि काही फोनांवर त्यानंतर डेटा पुसल्याशिवाय फोन सुरू होत नाही. ही शक्यता गृहीत धरूनच पुढे जा.

दुसरं कारण ईएक्सटी४ या फाइल सिस्टममधले सामाईक ब्लॉक. अँड्रॉइड १० पासून सिस्टम, व्हेंडर, प्रॉडक्ट ही वेगळी पार्टिशन राहिली नाहीत. ती ‘सुपर’ नावाच्या एका मोठ्या पार्टिशनमधले तार्किक तुकडे झाली. जागा वाचवण्यासाठी दोन फाइलींमधला सारखा मजकूर एकदाच साठवला जातो. अशा पार्टिशनवर लिहू दिलं तर एक फाइल बदलताना दुसरी बिघडेल, म्हणून कर्नल ते रीड-राइट जोडायला नकार देतो. ई-टू-एफएससीके हे फाइल सिस्टम तपासण्याचं साधन वापरून हे ब्लॉक सुटे करता येतात, पण त्याला जास्तीची जागा लागते आणि हे तुकडे अगदी मापात कापलेले असतात. त्यामुळे प्रक्रिया अर्ध्यावर अडते आणि मग ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश दिसतो.

तिसरं कारण ईआरओएफएस. माउंटच्या यादीत फाइल सिस्टमच्या जागी हे नाव दिसलं तर रीमाउंटचा विषय तिथेच संपला. ही फाइल सिस्टम वाचण्यापुरतीच बनवलेली आहे. तिच्यात जागच्या जागी लिहायची सोयच नाही, कितीही रूट असलं तरी. हुआवेने ती आपल्या फोनांसाठी तयार केली, २०१९ मध्ये ती लिनक्स कर्नलचा पक्का भाग झाली आणि आता कितीतरी नव्या फोनांवर तीच असते. इंटरनेटवरची कुठलीही स्क्रिप्ट तिला ‘अनलॉक’ करत नाही. अशा स्क्रिप्ट संपूर्ण सुपर पार्टिशन उलगडून दुसऱ्या फाइल सिस्टममध्ये नव्याने बांधतात आणि परत फ्लॅश करतात. त्या कामात एक आकडा चुकला तरी फोन सुरू होत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. सिस्टमवर थेट लिहू नका, अगदी जुन्या फोनवरही. अँड्रॉइड ५ पासून कंपनीचे अपडेट ब्लॉकच्या पातळीवर येतात. एकदा नुसतं रीड-राइट जोडलं आणि एकही फाइल बदलली नाही, तरी सुपरब्लॉकमधली, म्हणजे फाइल सिस्टमची माहिती ठेवणाऱ्या ब्लॉकमधली, माउंटची नोंद बदलते आणि पुढचा अपडेट नाकारला जातो. जॉन वू यांनी २०१६ मध्ये मॅजिस्क हे रूटचं साधन आणलं ते हाच गुंता टाळण्यासाठी. बदललेली फाइल डेटा पार्टिशनमध्ये, ‘एडीबी’ फोल्डरातल्या ‘मॉड्यूल्स’मध्ये ठेवायची आणि फोन सुरू होताना ती मूळ फाइलीवर माउंट व्हायची. छापील पानावर चिठ्ठी चिकटवावी तसं हे आहे: वाचणाऱ्याला चिठ्ठी दिसते, खालचं पान शाबूत राहतं. मॉड्यूल, म्हणजे अशा बदललेल्या फाइलींचा संच, काढलं की मूळ फाइल पुन्हा समोर.

मॉड्यूल बनवतानाही एक चूक नेहमी होते. व्हेंडरमधली फाइल बदलायची असते आणि मॉड्यूलमध्ये वरच्या पातळीवरच ‘व्हेंडर’ फोल्डर केला जातो. मॅजिस्कला तो ‘सिस्टम’ फोल्डरच्या आत हवा असतो. एरवी मॉड्यूल यादीत चालू दिसतं आणि परिणाम मात्र शून्य.

आता परवानग्यांकडे या. फाइल योग्य जागी आहे, मजकूर बरोबर आहे, तरी फोन लोगोवर अडकलाय. अशा वेळी आधी परवानग्या आणि मग एसईलिनक्सचं (कुणी कशाला हात लावायचा हे ठरवणाऱ्या सुरक्षा यंत्रणेचं) लेबल तपासा. साध्या फाइलीला ०६४४ (मालकाने लिहायचं, बाकीच्यांनी फक्त वाचायचं), फोल्डरला ०७५५ आणि मालक रूट, हा साधारण नियम. फाइल मॅनेजरने कॉपी केलेल्या फाइलीला बहुतेकदा वेगळाच मालक आणि ०६६० किंवा ०६०० अशी परवानगी चिकटते. अशा परवानगीची फाइल सिस्टमच्या इतर प्रक्रियांना वाचता येत नाही. लेबल पाहायला ‘एलएस’ला मोठा ‘झेड’ जोडा. शेजारच्या चांगल्या फाइलीचं लेबल आणि तुमच्या फाइलीचं लेबल सारखं असायला हवं. नसेल तर ‘सीएचकॉन’ने ते नीट करा. अनेक जण यावर एसईलिनक्स कायमचं परमिसिव्ह, म्हणजे काहीच न अडवणारं, करून टाकतात. तसं कृपया करू नका. निदानासाठी दोन मिनिटं परमिसिव्ह करून पाहणं ठीक आहे: तेवढ्यात काम झालं तर दोष लेबलचा, एवढं कळतं. पण कायम तसं ठेवलेल्या फोनवर एखादं वाईट ॲप घुसलं तर त्याला अडवणारी एक मोठी भिंतच उरत नाही.

टर्मिनलमध्ये माउंट झालेलं दिसतं, पण गॅलरीत किंवा फाइल मॅनेजरमध्ये फोल्डर रिकामाच. यात फोन बिघडलेला नसतो. अँड्रॉइडवर ॲपना आपापली वेगळी माउंट नेमस्पेस (माउंटची स्वतःची यादी) असते, आणि टर्मिनल ॲपच्या नेमस्पेसमध्ये केलेलं माउंट दुसऱ्याला दिसत नाही. ‘एसयू’ (रूट मिळवण्याची कमांड) घेताना माउंट-मास्टरचा पर्याय द्या, किंवा मॅजिस्कच्या सेटिंगमध्ये नेमस्पेस ग्लोबल करा.

हातानं केलेलं माउंट रीबूटनंतर टिकत नाही, म्हणून लोक स्क्रिप्ट लिहितात आणि ती चुकीच्या टप्प्यावर ठेवतात. मॅजिस्कच्या ‘पोस्ट-एफएस-डेटा’ टप्प्यात फोनचं सुरू होणं तुमच्या स्क्रिप्टसाठी थांबून राहतं. तिथे लांबलचक काम टाकलं की फोन उशिरा उठतो, आणि त्या वेळी एसडीकार्ड नावाचं फोल्डर अजून तयारच नसतं. अंतर्गत स्टोरेजशी संबंधित बाइंड माउंट (एक फोल्डर दुसऱ्यावर जोडणं) ‘सर्व्हिस’ टप्प्यात ठेवा आणि स्क्रिप्टला पहिलं अनलॉक होईपर्यंत थांबायला सांगा. कारण फाइलनिहाय एन्क्रिप्शनमुळे पिन टाकेपर्यंत तुमच्या फाइली कुलूपबंदच असतात.

बाइंड माउंटबद्दल एक गोष्ट जीव तोडून सांगतो. कार्डावरचं फोल्डर फोनमधल्या फोल्डरवर जोडलेलं असताना ते फोनमधलं फोल्डर ‘नको आता’ म्हणून डिलीट केलं, तर कार्डावरचा खरा डेटा जातो. दोन्ही नावं एकाच जागेची आहेत. आधी अनमाउंट करा, फोल्डर रिकामं झालंय हे डोळ्यांनी पाहा, मगच काढा.

याच एन्क्रिप्शनमुळे आणखी एक घबराट होते. रिकव्हरीत, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या वेगळ्या मोडमध्ये, जाऊन अंतर्गत स्टोरेज उघडलं की फोल्डरांची नावं अगम्य अक्षरांची दिसतात, किंवा स्टोरेज शून्य एमबी दाखवतं. डेटा खराब झाला असं समजून लोक तिथेच फॉरमॅट करतात आणि चांगले असलेले फोटो घालवतात. रिकव्हरीला ते उलगडता आलेलं नाही, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो. फोन सुरू करा, पिन टाका, फाइली जागेवर असतात. फोन सुरूच होत नसेल तर तुमच्या अँड्रॉइड आवृत्तीशी जुळणारी रिकव्हरी शोधा. फॉरमॅट हा शेवटचा पर्याय.

मेमरी कार्डाचं थोडक्यात. लिंकटूएसडी ॲपच्या काळात कार्डावर दुसरं ईएक्सटी पार्टिशन करून ॲप तिकडे हलवली जायची. ते दुसरं पार्टिशन फॅट३२ किंवा एक्सफॅट ठेवणं ही नेहमीची चूक, कारण त्या फाइल सिस्टमना लिनक्सच्या परवानग्या साठवताच येत नाहीत. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपर्यंत मोठी होऊ शकत नाही, हेही लक्षात असू द्या. अँड्रॉइड ६ पासूनच्या पद्धतीने कार्ड अंतर्गत स्टोरेजमध्ये सामील केलं असेल तर त्याची किल्ली फोनमध्ये राहते. फॅक्टरी रीसेट केला की किल्ली जाते, आणि कार्डावरचं सगळं असूनही वाचता येत नाही. रीसेटआधी डेटा बाहेर काढा.

आता पार्टिशन जशीच्या तशी कॉपी करणारी ‘डीडी’. ही कमांड विचारत नाही, बजावत नाही, ‘ओएफ’पुढे जे लिहिलं तिथे लिहून मोकळी होते. पार्टिशनचा क्रमांक दुसऱ्याच्या सूचनेतून उचलू नका. त्याच नावाच्या मॉडेलच्या दुसऱ्या प्रकारात तो क्रमांक वेगळा असू शकतो. ब्लॉक डिव्हाइसच्या ‘बाय-नेम’ फोल्डरातलं नावच वापरा. फोनवर दोन स्लॉट (पार्टिशनचे दोन संच) असतील तर बूटची ‘ए’ आणि ‘बी’ अशी दोन पार्टिशन असतात. चालू स्लॉट कोणता ते ‘गेटप्रॉप’ सांगतं. बंद स्लॉटवर फ्लॅश मारून ‘काहीच झालं नाही’ म्हणणारे बरेच भेटतात.

याच कमांडचा सगळ्यात चांगला उपयोग म्हणजे बॅकअप, आणि तो पहिल्याच दिवशी घ्यायला हवा. सॅमसंगवर ईएफएस, क्वालकॉमवर मोडेमएसटी१, मोडेमएसटी२ आणि एफएसजी, मीडियाटेकवर एनव्हीरॅम आणि एनव्हीडेटा. शिवाय जिथे असेल तिथे पर्सिस्ट. आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), नेटवर्कचं कॅलिब्रेशन, सेन्सरची मापं अशा गोष्टी यांत असतात, आणि त्या त्या एका फोनपुरत्याच असतात. रॉम पुन्हा डाउनलोड करता येतो, या गोष्टी नाही. इमेज काढून लगेच संगणकावर हलवा. मित्राच्या फोनची ईएफएस इमेज आपल्या फोनवर टाकू नका: दोन फोनांवर एकच आयएमईआय होतो, आणि आयएमईआयशी छेडछाड हा भारतात गुन्हा आहे.

पार्टिशनचे आकार बदलण्याबद्दल मी एवढंच म्हणेन की करू नका. सिस्टमला जागा हवी म्हणून यूजरडेटा कापायला गेलात तर तिथली एफटूएफएस फाइल सिस्टम आकसवणं सोपं नाही, सगळा डेटा पुसावाच लागतो. नव्याने केलेल्या पार्टिशनचं नाव एका अक्षराने चुकलं तरी फोनला ते सापडत नाही.

एवढं करूनही मॉड्यूलमुळे बूटलूप झालाच, तर आधी फोन संगणकाला जोडा. यूएसबी डीबगिंग चालू असेल तर एडीबी शेलमधून (संगणकावरून फोनला कमांड देण्याच्या सोयीतून) मॅजिस्कला ‘रिमूव्ह-मॉड्यूल्स’ सांगता येतं. नसेल तर सेफ मोडमध्ये फोन सुरू करा. मॅजिस्क ते ओळखून सगळी मॉड्यूल बंद करतं. कारण शोधायचं असेल आणि रिकव्हरी उघडत असेल, तर ‘पीस्टोअर’ फोल्डरातली ‘कन्सोल-रॅमूप्स’ फाइल पाहा. फोनमध्ये ती असेल तर मागच्या वेळी कर्नल कुठे अडखळला ते तिच्या शेवटच्या ओळींत सापडतं.

आणि बँकेचं ॲप चालत नाही म्हणून, पार्टिशनमध्ये बदल असतानाच बूटलोडर (फोन सुरू करणारा पहिला प्रोग्राम) पुन्हा लॉक करू नका. लॉक झालेला बूटलोडर बदललेली इमेज सुरू करत नाही, आणि फास्टबूटमधून (संगणकावरून फ्लॅश करण्याच्या मोडमधून) फ्लॅशही मारू देत नाही. आधी त्याच मॉडेलचं कंपनीचं पूर्ण फर्मवेअर टाका, फोन एकदा नीट सुरू होऊ द्या, डेटाचा बॅकअप घ्या कारण लॉक करतानाही तो पुसला जातो, आणि मगच लॉक करा.