सिव्हिलच्या बोर्डासमोर चालून दाखवताना

पायाच्या दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सिव्हिल रुग्णालयाच्या डॉक्टरांच्या बोर्डाकडे मी दोनदा स्वतःसाठी गेले आणि निदान पंधरा वेळा तरी दुसऱ्या कोणाला घेऊन. बाहेरच्या बाकावर दर वेळी कोणीतरी सल्ले वाटत बसलेलं असतंच. ‘जरा जास्त लंगडायचं.’ ‘एमआरआय जोडला की दिव्यांगत्वाचे टक्के वाढतात.’ ‘चार पावलांत दम लागतो म्हणून सांगायचं.’ हे ऐकून आत गेलेली माणसं तोंड पाडून बाहेर येताना मी पाहिली आहेत.

मुळात तुम्ही किती लांब चालू शकता, हे आपल्याकडे कोणी मोजतच नाही. ब्रिटनमध्ये मोजतात. तिथल्या ‘पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट’ या सरकारी भत्त्यामध्ये २०, ५०, २०० मीटर असे टप्पे असतात आणि त्यावर गुण ठरतात. तिकडचे व्हिडिओ बघून इकडे तयारी करू नका. आपल्याकडे मुख्यतः दोन गोष्टी बघतात: पाय किती हलतो, आणि तो अंगाचा भार किती तोलून धरतो.

अर्ज ‘स्वावलंबन’ या सरकारी पोर्टलवर भरायचा, नोंदणी क्रमांकाची प्रिंट आणि आधार घेऊन बोर्डाच्या वारी सकाळी लवकर रुग्णालय गाठायचं, केस पेपर काढायचा. एवढं कोणीही करतं. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. लकव्याचा रुग्ण असेल तर झटका येऊन सहा महिने होईपर्यंत नेऊ नका, परत पाठवतात. जुनं डिस्चार्ज कार्ड असेल तर घ्या. फाइल जाड करायची गरज नाही.

कपड्यांचं मात्र ऐका. मांडीपर्यंत वर करता येईल असं काहीतरी सैल घाला. घट्ट सलवार किंवा जीन्स घालून आलेल्या बायकांचा पाय गुडघ्याखालीच तपासला जातो, कारण वर सरकतच नाही आणि खोलीत पडदा असेलच असं नाही. मी आता सोबत येणाऱ्या प्रत्येकीला सैल पायजमा घालायला लावते.

आत गेल्यावर आधी पलंगावर झोपवतात. कमरेचा, गुडघ्याचा, घोट्याचा सांधा किती वाकतो ते कोनमापकाने बघतात. मग डॉक्टर पाय दाबून धरतात आणि ‘उचला’ म्हणतात. ताकदीला शून्य ते पाच अशी श्रेणी असते. चार मिळाली तर २० टक्के ताकद गेली असं धरतात, तीन मिळाली तर ४०. इथे असेल तेवढा जोर लावा, मुद्दाम ढिले पडू नका. खरा अशक्त स्नायू हळूहळू हार मानतो, नाटकाचा मध्येच झटक्यात सुटतो, आणि रोज दहा पाय बघणाऱ्या माणसाच्या हाताला तो फरक लगेच कळतो. एकदा का तो कळला, की पुढचं तुमचं खरं दुखणंही त्याला नाटक वाटायला लागतं.

हा झाला गतिशीलतेचा, म्हणजे पाय किती हलतो त्याचा भाग, कमाल ९० टक्के. पाय कापलेला असेल तर हे सगळं लागत नाही. कुठून कापलाय त्यावर टक्के ठरलेले आहेत: गुडघ्यातून असेल तर ७५, घोट्यातून ५५, पायाची सगळी बोटं गेली असतील तर २०.

आता ज्या भागात मी स्वतः आपटले तो. स्थिरता, म्हणजे पाय भार किती तोलतो ते, हीसुद्धा कमाल ९०. नऊ हालचाली, प्रत्येकीला १०. सपाट जमिनीवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, फक्त दुखऱ्या पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालून बसणं, गुडघे टेकणं आणि वळणं. जेवढं जमत नाही तेवढे टक्के.

माझ्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला. मांडीचा पुढचा स्नायू जवळजवळ नाहीच. अशा पायावर भार टाकला की गुडघा पुढे निसटतो, म्हणून आम्ही लोक प्रत्येक पावलाला हाताने मांडी मागे दाबतो. बहुतेक जण उघडपणे दाबतात. मी कॉलेजात असताना कुर्त्याला डाव्या बाजूने खोल खिसा शिवून घ्यायला लागले. हात खिशात, आतून मांडीवर दाब, वरून बघणाऱ्याला वाटावं की पोरगी ऐटीत चालली आहे. त्यात दीड इंच आखूड पायाला चपलेचा जाड तळ. मला या चालीचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

पहिल्यांदा बोर्डासमोर गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘त्या भिंतीपर्यंत जाऊन या.’ मी गेले आणि आले. खिशात हात, पायात ती चप्पल, चेहऱ्यावर हसू. चालणं: काही अडचण नाही. वळणं: काही अडचण नाही. ‘जिना चढता का?’ ‘हो.’ कठडा धरून, एकेक पायरीवर दोन्ही पाय आणत चढते हे मी सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं नाही. ‘खाली बसता?’ ‘बसते की.’ उठताना दोन्ही हात जमिनीवर टेकून आधी कंबर वर काढते, मग मांडीवरून हात चढवत सरळ होते, हेही गिळलं.

केस पेपरवर गतिशीलता २४, स्थिरता १५. त्यांची सरळ बेरीज करत नाहीत, हेही तेव्हाच कळलं. मोठा आकडा तसाच ठेवायचा. लहान आकड्याला ९० उणे मोठा याने गुणायचं, ९०ने भागायचं आणि येईल ते मोठ्यात मिळवायचं. १५ गुणिले ६६ भागिले ९० म्हणजे ११. चोवीस आणि अकरा, पस्तीस. एसटीची सवलत, नोकरीतलं आरक्षण, आयकरातली वजावट, सगळ्याचं दार ४० टक्क्यांना उघडतं. मी पाच टक्क्यांनी बाहेर. पायाची लांबी तर टेपने मोजलीच नव्हती. चपलेमुळे फरक दिसलाच नाही, आणि मीही बोलले नाही.

म्हणून आता चार गोष्टी दटावून सांगते.

चप्पल, बूट बाहेरच काढा. अनवाणीच चालायचं. कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा पट्ट्यांचा साचा, वापरत असाल तर घालून जा, पण लावून आणि काढून दोन्ही दाखवू का, असं आपणहून विचारा.

आधाराची जी काही युक्ती अंगवळणी पडली आहे ती उघड्यावर करा. भिंत, मांडीवरचा हात, सोबत्याचा खांदा, काहीही. आपण वर्षानुवर्षं ती लपवण्यात एवढे तरबेज झालेलो असतो की आपल्यालाच ती दिसत नाही. आदल्या दिवशी घरच्या कोणाला तरी आपलं चालणं, बसणं, उठणं बघायला सांगा आणि हात कुठेकुठे टेकतो ते लिहून घ्या. माझ्या वहिनीने अशी सात ठिकाणं काढली. मला तीन आठवली होती.

‘जमतं का?’ या प्रश्नाला नुसतं हो-नाही म्हणू नका. कसं जमतं ते बोला, किंवा तिथेच करून दाखवा. करून दाखवणं केव्हाही चांगलं. मांडी घालता येत नसेल आणि खुर्चीवरच जेवत असाल तर तसं सांगा. सतरंजीवर बसून प्रयत्न करायला सांगितला तर करा.

आणि एक पाय आखूड असेल तर लांबी मोजायची आठवण करून द्या, न लाजता. कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत टेप लावतात. पहिला अर्धा इंच माफ असतो, त्यापुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला ४. माझ्या दीड इंचाचे ८ होतात. नुसते ते धरले असते तरी मी पहिल्याच वेळी चाळिशी ओलांडली असती.

दुखण्याबद्दल एक कडू गोष्ट. गुडघे झिजलेली मंडळी फार आशेने येतात. दुखणं, वाकडेपणा, सांधा आखडणं, संवेदना जाणं या सगळ्यांना मिळून जास्तीत जास्त १० टक्के आहेत. गुडघा रात्रभर ठणकत असेल पण नीट वाकत असेल आणि भार घेत असेल, तर चाळीस होणार नाहीत. शेजारच्या काकूंना मी हे आधीच सांगितलं होतं. त्या तरी आल्या, सहा तास बसल्या, १८ टक्के घेऊन गेल्या आणि आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

निकाल पटला नाही तर अपील करता येतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९मध्ये ती सोय आहे. निकालानंतर ९० दिवसांच्या आत लेखी द्या आणि पोच घ्या. ‘कमी टक्के दिले’ असं रडगाणं लिहू नका. काय तपासायचं राहिलं ते लिहा: लांबी मोजली नाही, जिना बघितला नाही, बूट घालून चालवलं. माझा अर्ज अर्ध्या पानाचा होता. फेरतपासणीत मी बिनखिशाचा कुर्ता घालून अनवाणी गेले. स्थिरता ३० भरली. २४ आणि ३० यांचे त्या सूत्राने ४६, आणि वर लांबीचे.

रेल्वेची सवलत हवी असेल तर ती टक्क्यांवर नाही, सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही या डॉक्टरांच्या दाखल्यावर आहे. तो वेगळा फॉर्म त्याच दिवशी विचारा, नाहीतर पुन्हा हेलपाटा.

प्रमाणपत्राबरोबर मिळणाऱ्या दिव्यांग ओळखपत्राचा रंग बघून हुरळू नका. ४० ते ८०च्या आत पिवळा, ८० आणि वर निळा, चाळीसच्या खाली पांढरा. प्रमाणपत्र हातात आलं की आधी कोणता पाय लिहिलाय ते वाचा. भावाच्या मित्राच्या प्रमाणपत्रावर उजव्याऐवजी डावा छापला होता, आणि ते त्याच्या लक्षात आलं दीड वर्षाने, नोकरीच्या कागदपत्र पडताळणीत, टेबलापलीकडचा माणूस एकदा कागदाकडे आणि एकदा त्याच्या पायाकडे बघायला लागला तेव्हा.