डंपरमध्ये जळका वास आला तर आधी पाय आठवा

नवी मुंबईजवळ उलवे, जासई, उरणच्या बाजूला भरावाच्या साइटवर नव्याने डंपर चालवायला येणाऱ्यांसाठी हे लिहितोय. हौदा कधी उचलायचा, रिव्हर्सला आरसा कसा धरायचा, हे तुम्हाला येतंच. वासाबद्दल मात्र कुणी धड शिकवत नाही. उस्ताद, म्हणजे शिकवणारा जुना ड्रायव्हर, म्हणतो, "गरम झाली असेल, थोडं थांब, वास गेला की चल." याच सल्ल्यापायी मी पुरता पोळलोय, म्हणून हा भाग लांबवून सांगतो.

भरलेली गाडी ओल्या मुरमाच्या चढावर मागे घेताना हाफ क्लच, ब्रेक, पुन्हा हाफ क्लच असंच चालतं. मग घशात बसणारा जळका वास येतो. क्लच प्लेट आणि ब्रेकचे लायनर, दोन्ही घासूनच काम करतात, आणि तापले की त्यांचा वास जवळजवळ एकसारखा येतो. नाकाने फरक करायला जाऊ नका, भल्याभल्यांना जमत नाही. अर्ध्या मिनिटापूर्वी आपला पाय कुठे होता ते आठवा. उतारावर ब्रेक दाबत आलात तर संशय लायनरवर. चढावर, चिखलातून निघताना किंवा रिव्हर्सला वास आला तर क्लचवर.

मग खाली उतरा आणि गाडीभोवती चक्कर मारा. तळहाताची मागची बाजू प्रत्येक चाकाच्या ब्रेक ड्रमपासून चार बोटं लांब धरा. हात लावू नका, कातडी सोलून निघेल. डावी-उजवी दोन्ही चाकं सारखीच तापली असतील तर ब्रेक जास्त वापरलेत, एवढाच अर्थ. एकच चाक भट्टीसारखं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये किंवा बेअरिंग गेलंय. टायरच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर हबचं सील फुटून ऑइल लायनरवर आलंय. अशी गाडी घाटात न्यायची नाही, मालक काहीही बोलो. सगळी चाकं गार आणि वास गिअर लिव्हरच्या रबरी बुटातून वर येतोय, तर तो क्लच. रांगेत उभे असाल तर पुढच्या गाडीचाही वास असू शकतो. खाडीवरून वारा सुटलेला असतो तेव्हा हे हमखास होतं.

आता "वास गेला की चल" यात काय धोका आहे ते ऐका. प्लेटवरचं अस्तर डिंकासारख्या रेझिनने बांधलेलं असतं. ते रेझिन जळतं तेव्हा वास येतो. प्लेट गार झाली की वास जातो, पण अस्तराला काचेसारखी चकाकी आलेली असते. ती पकड धरत नाही. पुढच्या खेपेला तेवढ्याच वजनावर प्लेट आधीपेक्षा लवकर घसरते, आणखी तापते, आणखी चकाकते. दोन-चार खेपांत फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट जिच्यावर दाबली जाते त्या इंजिनच्या चकतीवर, निळे डाग पडतात आणि भर चढावर इंजिन ओरडतं, गाडी जागची हलत नाही. वास गेला म्हणजे क्लच वाचला, असं समजू नका. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये रेस द्या. आरपीएमचा काटा चढला आणि वेग तिथेच राहिला, तर प्लेट घसरतेय.

घाबरूनही जाऊ नका. एकदा वास आला म्हणून प्लेट गेली असं होत नाही. सपाट जागा बघा, न्यूट्रल करा, पेडलवरून पाय पूर्ण काढा, इंजिन मंद चालू ठेवा आणि वीसेक मिनिटं थांबा. क्लच दाबून थांबू नका, त्याने रिलीज बेअरिंगवर नाहक ताण येतो. ब्रेक तापले असतील तर चाकांना दगड लावून उभे राहा, ड्रमवर पाणी मारू नका. तापलेल्या ड्रमला तडा जातो. निघताना पहिलाच गिअर टाका, आणि चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरायची सवय आजच सोडा. त्यासाठी पार्किंग ब्रेक आहे. मात्र हवेच्या मीटरचा काटा लाल पट्ट्यातून बाहेर येईपर्यंत गाडी हलवायची नाही. पार्किंग ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि हवेच्या दाबाने सुटतो; हवा कमी असली की हे स्प्रिंगचे ब्रेक पूर्ण सुटत नाहीत आणि चाकं घासतच फिरतात.

आपल्याकडे आणखी एक वास फसवतो, तो सडक्या अंड्याचा. खाजणाचा काळा चिखल चेसिसला बसला की तोच वास येतो आणि धुतला की जातो. धुऊनही राहिला तर बॅटरीचा खोका उघडा. दोन बॅटऱ्यांपैकी एक फुगलेली किंवा गरम असेल तर चार्जिंग जास्त होतंय. इंजिन चालू असताना साधारण 28 व्होल्ट दिसायला हवेत, 30 च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडलाय. तिथे बिडी पेटवू नका, वायर ओढू नका. त्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, एका ठिणगीने स्फोट होतो.

गोडसर वास म्हणजे कुलंट, तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. प्लॅस्टिक जळल्यासारखा वास म्हणजे वायरिंग, तेव्हा विचार न करता बॅटरीचा मेन स्विच बंद. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत रिजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळणं, चालू असताना डीपीएफच्या (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) आत साधारण 600 अंशांपर्यंत उष्णता जाते. तेव्हा उन्हाळ्यात वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका.

उस्ताद निवडता येत असेल तर गाडीखाली वाकून दाखवणारा धरा. नुसता शिव्या घालणारा कितीही जुना असला तरी उपयोगाचा नाही. आणि कळंबोलीला गॅरेजवर गेलात की "वास येतोय" एवढंच सांगू नका, ते थेट क्लच उतरवतील. कोणता गिअर होता, माल किती होता, चढ की उतार, कोणतं चाक तापलं होतं, हे मोबाइलवर तिथल्या तिथे लिहून ठेवा आणि मिस्त्रीला वाचून दाखवा.